थंड मलमाने कुणी पोळते का?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. ज्या पत्रात गुंडाळून मला सोलापुरात परत पाठवले, त्या पत्राला दोन महिने उत्तर गेले नव्हते. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण मला लपवाछपवी जमत नाही. माझे टोपण एका बाजूने चेपले आहे, रंग उडाला आहे आणि पोटात बोटभर मलम अजून शिल्लक आहे. उघडाल तर कापराचा वास येईल. कुणी म्हणेल, डबीने काय बोलावे? मी बोलणार. ज्यांनी बोलायला हवे होते ते गप्प बसले, म्हणून तर एवढे सगळे झाले.

ते पत्र चिंतामण मास्तरांच्या नावाने आले होते. मास्तर शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहत. मराठी शाळेतली नोकरी संपून सहा वर्षे झाली होती. घरात ते, त्यांच्या पत्नी गोदावरीबाई आणि पुस्तकांची दोन कपाटे. मास्तर इतके भिडस्त की समोरून ओळखीचा माणूस येताना दिसला तर पलीकडच्या बोळात वळत. वाईट मनाने नव्हे. आता काय बोलावे ते सुचणार नाही, अशी त्यांना भीती वाटे. एखादे वाक्य लिहिले की ते तीनदा वाचत आणि चौथ्यांदा खोडत.

माझा जन्म त्यांच्या स्वयंपाकघरात झाला. दळणकांडण करून गोदावरीबाईंचे मनगट दुखे. मास्तरांनी जुनी पुस्तके चाळली, टिपणे काढली आणि एका दुपारी कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल अशी तीन पांढरी औषधे एका बाटलीत घातली. मित्रांनो, तिन्ही कोरडी. पण एकत्र आली की आपोआप विरघळून पाणी होतात. मास्तर दर वेळी बाटली उजेडात धरून बघत आणि स्वतःशीच हसत. मग करडईचे तेल आणि मेण मंद विस्तवावर वितळवायचे, खाली उतरवून कोमट होऊ द्यायचे, त्यात ते पाणी ओतायचे आणि आमच्यासारख्या डब्यांत भरायचे. त्या पहिल्या चाळीस डब्यांतली मी एक.

मास्तरांनी पहिला प्रयोग कुणावर केला असेल? स्वतःवर. तांदळाच्या दाण्याएवढे मलम मनगटाच्या आतल्या बाजूला लावले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. लाली आली नाही, खाज आली नाही, तेव्हा गोदावरीबाईंना लावू दिले. एकदा हात न धुता डोळा चोळला आणि तासभर रडत बसले. गोदावरीबाई म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे रडला नव्हतात हो." आणखी एकदा गुडघ्याला मलम लावून लगेच कढत पाण्याने आंघोळ केली. पाणी अंगावर घेताना काही कळले नाही, पण नंतर गुडघा असा भाजू लागला की दोन दिवस धोतर टेकवेना. मास्तरांनी हे सगळे टिपून ठेवले. त्यांना ठाऊक होते, मित्रांनो. स्वतःच्या कातडीवर शिकलेले होते. हे लक्षात ठेवा.

मंगळवार पेठेत चनबसप्पांचे दुकान होते. काष्ठौषधी, सुंठ, हिंग, कुंकू, सगळे तिथे मिळे. मलम विकायचे त्यांनी कबूल केले. मास्तर सुवाच्य अक्षरात लिहिलेला लेबलाचा मजकूर घेऊन गेले. मी नमुना म्हणून त्यांच्या हातात होते.

चनबसप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मास्तर, हे लेबल हाय का पंचांग?"

"सूचना आहेत," मास्तर म्हणाले.

"'डोळ्यांस लावू नये. जखमेवर लावू नये. लावल्यावर शेकू नये. वरून घट्ट बांधू नये. तान्ह्या मुलांस लावू नये.' अय्यो! नये, नये, नये! गिऱ्हाईक माझ्याकडं औषध घ्यायला येतंय का तुमच्या शाळेत छडी खायला?"

"पण ते सांगणं जरूर आहे. विशेषतः ते शेकण्याचं."

"लोकं डबीचं टोपण वाचायला बसतेत व्हय? सांगायचं ते मी तोंडानं सांगतो की. तुमी काळजी सोडा." आणि त्यांनी टाकाने दोन ओळी लिहिल्या: 'हिमगार मलम. सर्व दुखण्यांवर. लावा आणि विसरा.'

मास्तरांनी त्या ओळी वाचल्या. त्यांचे ओठ हलले. मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'चा मला आजही राग आहे. माझ्या डोक्यावर खोटे चिकटवले आणि ज्याला खरे ठाऊक होते त्याने मान डोलवली. सर्व दुखण्यांवर! मी काय करू शकते? ओझ्याने खांदा धरला, चालून पोटऱ्या भरून आल्या, मान अवघडली, तर घटकाभर आराम देऊ शकते. मोडलेले हाड मी सांधत नाही. ताप उतरवत नाही. सुजून लाल झालेला सांधा माझ्या हाती देऊन बसाल तर तुम्ही वैद्याचा वेळ घालवाल. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. जेवढी आहे तेवढीच विका मला!

भाद्रपद सरताना एका मंगळवारच्या बाजाराला वळसंगची मायाक्का दुकानात आली. मटकी विकून झाली होती. वय विशीचे, बोलणे भरभर. "मामा, आमच्या मालकाचा खांदा लई धरलाय. पेरणी तोंडावर आलीया. काय हाय का?"

चनबसप्पांनी मला पुढे सरकवले. "लाव आन् विसर."

"विसरू कशी? खांदा त्येंचा हाय, माजा असता तर विसरले असते," ती म्हणाली आणि मला पदरात बांधून घेऊन गेली. शेकण्याबद्दल चनबसप्पा तोंडाने काही बोलले नाहीत. दुकानात गर्दी होती.

वळसंगच्या घरात मला कोनाड्यात जागा मिळाली. घरात मायाक्काचा नवरा निंगप्पा आणि सासू केराबाई. पाऊस बरा झाला होता आणि ज्वारीच्या पेरणीला रान तयार होते. दिवसभर पाभरीमागे चालून निंगप्पाचा उजवा खांदा रात्री आखडे. मायाक्का बोटाने थोडेसे मलम काढून चोळी. पहिल्या दिवशी तो आईकडे बघून हसत म्हणाला, "अव्वा, खांद्यावर थंडी पडली की गं! कांबळं दे!" केराबाईही हसल्या. तीन दिवस मी माझे काम चोख केले. त्या घरात माझे कौतुक झाले, आणि मला ते गोड लागले, खोटे कशाला बोलू?

चौथ्या दिवशी पेरणी निम्मी झाली होती. खांदा जास्तच दुखत होता. मायाक्काने मलम जरा जास्त लावले. आणि केराबाईंनी चुलीत वीट तापवली. त्या घरची रीतच होती. औषध कुठलेही असो, वरून एरंडाचे पान बांधून विटेचा शेक दिल्याशिवाय ते 'आत जात नाही', असे केराबाई मानत. पन्नास वर्षे त्यांनी असेच शेकले होते आणि कुणाला कधी इजा झाली नव्हती. शेक जास्त झाला की माणूस ओरडतो. ओरडला की वीट उचलायची. एवढे साधे.

पण त्या दिवशी निंगप्पा ओरडला नाही. का ओरडला नाही, ते ऐका. मी बर्फ नाही. माझ्यात थंड असे काहीच नाही. मी कातडीला थंड *वाटायला* लावते, आणि ते वाटत असते तोवर तिला खरे-खोटे कळत नाही. वीट पोळत होती आणि निंगप्पा म्हणत होता, "ठेव अजून, बरं वाटतंय." वरून पान घट्ट बांधलेले, त्यामुळे माझी आगही आतच कोंडली. मी कोनाड्यातून बघत होते. पत्र्याच्या डबीला ओरडता येत नाही.

पान सोडले तेव्हा खांद्यावर पाव भाकरीएवढा फोड होता. सकाळी तो फुटला. निंगप्पाला पाभर धरता येईना. भावकीतले लोक आपापल्या रानात गुंतलेले. तिसऱ्या दिवशी रानातली ओल सुकली आणि निम्मे शेत तसेच पडून राहिले.

केराबाई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "शेक मी जलमभर देत आले. कुणाचं कातडं गेलं न्हाय. आन् मलम तर थंड. थंड मलमानं कुणी पोळतंय का? सांगा की! हिनंच त्यात कायतरी कालवलं!"

"न्हाय हो आत्या, आईची आण! डबी जशी आणली तशी हाय," मायाक्का म्हणत होती.

"मग पोळलं कशानं?"

मायाक्काने डबी उघडून सगळ्यांपुढे धरली. निंगप्पा बायकोला वाईट बोलला नाही, पण तिची बाजूही त्याने घेतली नाही. आठवड्यात पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या. कुणी 'करणी' हा शब्द उच्चारला. दिवाळीला भाऊ न्यायला आला आणि मायाक्का अक्कलकोटाजवळच्या माहेरी गेली. जाताना तिने मला चोळीच्या गाठोड्यात घातले. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. वळसंगहून तिला परत न्यायला कुणी आले नाही.

मग तिच्या भावाने, गुरुलिंगाने, पत्र लिहिले. तो चौथीपर्यंत शिकलेला. मला त्याच कागदात गुंडाळून त्याने चनबसप्पांच्या दुकानात आणून दिले आणि चनबसप्पांनी ते पुडके न उघडता मास्तरांकडे धाडले. पत्र मला पाठ आहे, कारण मी त्यात बसून आले.

'मलमवाले मास्तरांस गुरुलिंगाचा नमस्कार. माझी बहीण मायाक्का सांगती ते लिहितो. तुमचं मलम लावून सासूनं, केराबाईनं, रीतीपरमानं वर पान बांधून शेकलं आणि मालकांचा, निंगप्पाचा, खांदा पोळला. मी काही कालवलं न्हाय. डबी पाठवती, तुमीच बघा. थंड मलमानं कुणी पोळतं का असं सासू अंगणात सगळ्यांम्होरं इचारती. पोळतं का? पोळत आसंल तर वळसंगला तसं लिहा, म्हंजे माझ्यावरचं जाईल. पोळत नसंल तर तसं लिहा, म्हंजे मी इचारायचं सोडीन. दिवाळीला आले ती आलेच. कुणी न्यायला येत न्हाय.'

मास्तरांनी पत्र वाचले. उत्तर त्यांना ठाऊक होते. त्याच गुडघ्याने शिकवलेले. ते लगेच लिहायला बसले. 'चि. मायाक्का हीस' असे लिहिले आणि थांबले. मी वैद्य आहे का? माझे कोण ऐकणार? माझेच चुकत असेल तर? कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी पत्र एका जाड पुस्तकात ठेवले आणि मला त्याच पुस्तकामागे फळीवर सरकवले.

मित्रांनो, दोन महिने मी पुस्तकांच्या पाठी बघत राहिले. आतून मी रोज म्हणत होते: मास्तर, तुम्हाला संकोच वाटतो, तिला घर नाही. तुमच्या संकोचाचे भाडे ती का भरते आहे? पण मी पडले डबी.

पौष निम्मा सरला. सिद्धेश्वराची यात्रा, आमचा गड्डा, जवळ येत होती. चनबसप्पांचा निरोप आला: गड्ड्याला दुकान मांडतोय, शंभर डब्या तयार ठेवा, लेबल तेच. मास्तरांनी निरोप ऐकला आणि मान डोलवली. त्याच दिवशी दुपारी कपाट आवरताना त्यांनी वरची जड पोथी खाली घेतली आणि त्यांची मान अशी अवघडली की डावीकडे बघता येईना.

"या, बसा इथं," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांना मलम विकायचं आणि स्वतः वाकडी मान घेऊन हिंडायचं." घरातली डबी संपली होती. त्या शोधू लागल्या आणि पुस्तकांमागे त्यांना मी सापडले. "अगंबाई, ही अर्धी डबी इथं कशी?"

गोदावरीबाईंनी माझे टोपण उघडले, मानेवर मलम चोळले आणि उठून चुलीकडे गेल्या. चिमट्याने वीट निखाऱ्यांत सरकवली. "आता जरा शेकते. एरंडाचं पान नाही घरात, फडकं गुंडाळते."

"थांब!"

मास्तर ओरडले, मित्रांनो! इतक्या वर्षांत त्या घराने त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. गोदावरीबाईंच्या हातातून चिमटा पडला.

"वीट राहू दे तिथंच. मलमावर शेक द्यायचा नाही. कातडीला कळत नाही किती भाजतंय ते. भाजतं. फोड येतो."

"तुम्हाला हे ठाऊक आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. माझा गुडघा भाजला होता ना, तो त्यानंच."

गोदावरीबाईंनी माझे टोपण उजेडात धरले. दोन ओळी वाचायला त्यांना वेळ लागला नाही. अक्षरे त्यांना मास्तरांनीच शिकवली होती. "'लावा आणि विसरा.' आणि शेकू नका हे कुठं आहे?"

मास्तरांनी वाकड्या मानेनेच ते जाड पुस्तक काढले आणि पत्र त्यांच्या हातात दिले. गोदावरीबाईंनी ते उभ्यानेच वाचले. मग पाटावर बसून पुन्हा वाचले.

"दोन महिने?" त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, मी वैद्य नाही..."

"वैद्य नाही तर मलम का केलंत? केलंत ना? मग? ती पोर विचारते आहे, पोळतं का. 'हो' एवढं लिहायला वैद्य लागतो?"

"लिहितो. बंद पाकिटात लिहितो. आजच."

"पाकिटात?" गोदावरीबाई उठल्या आणि फळीवरच्या डब्यातून पोस्टाचे कार्ड काढून समोर ठेवले. "पाकीट नको. कार्ड लिहा. तिला अंगणात उभं करून बोलले ना? मग उत्तर कशाला झाकून जायला हवं? खेड्यात कार्ड आलं की टपालवाला वाचतो, मग शाळेचे मास्तर वाचतात, मग पारावर वाचतात. वाचू देत. सगळ्या वळसंगानं वाचलं पाहिजे."

"लोक मला काय म्हणतील?"

"तुम्हाला म्हणतील. तिला म्हणायचे थांबतील."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला. मग त्यांनी लिहिले. या वेळी खोडले नाही. कार्डावर खोडायला जागाच कुठे असते? लिहून झाल्यावर त्यांनी कोट चढवला, मला खिशात टाकले आणि मान एका बाजूला धरूनच मंगळवार पेठेची वाट धरली. समोरून ओळखीचे दोघे आले. मास्तर बोळात वळले नाहीत.

दुकानात चार गिऱ्हाइके होती. चनबसप्पा म्हणाले, "या मास्तर! मान कुनी पिळली? शंभर डब्यांचं काय?"

"डब्या मिळतील. पण हे लेबल नाही. आधी हे ऐका." आणि मास्तर वाचू लागले.

'मु. वळसंग. रा. रा. निंगप्पा व त्यांच्या मातोश्री केराबाई यांस चिंतामण मास्तर यांचा नमस्कार. वि. वि. तुम्ही विचारता, थंड मलमाने कुणी पोळते का. होय. त्यावर शेक दिला तर पोळते. मलमामुळे कातडीला चटका कळत नाही, आणि घट्ट बांधल्यास औषधाचाही दाह होतो. मायाक्काने डबीत काही कालवलेले नाही. त्या डबीतले मलम मी आज स्वतःला लावले, ते माझेच आहे. केराबाईंनीही नेहमीच्या रीतीने शेकले, त्यांचाही दोष नाही. शेकू नये हे मला आधीपासून ठाऊक होते. मी ते डबीवर छापले नाही. चूक माझी आहे. हे उत्तर दोन महिने उशिरा लिहितो, ही दुसरी चूक. सुनेला घरी आणावे, ही हात जोडून विनंती.'

चनबसप्पा गादीवरून अर्धे उठले. "मास्तर! असलं कारडावर लिहितेत? आपली चूक आपल्या अक्षरात? उद्या सगळा तालुका म्हनंल, चनबसप्पाच्या दुकानातलं मलम घेऊ नका!"

"म्हणू दे."

"आन् गड्डा?"

"'लावा आणि विसरा' काढा, मी लिहिलेल्या पाच ओळी छापा, की गड्ड्याला शंभर डब्या. नाही तर एकही नाही."

तागे घेऊन बसलेली एक म्हातारी विणकरीण पुढे सरकली. "मास्तर, म्हंजे मी खांद्याला लावती आन् वर गरम मिठाची पुरचुंडी ठेवती, ते न्हाय ठेवायचं व्हय?"

"नाही ठेवायची. शेकायचं असेल तर मलम लावू नका. मलम लावलं तर शेकू नका. दोन्ही एका दिवशी नको."

"लई लावलं तर लवकर गुण येतो म्हनतेत."

"येत नाही. पातळ लावा. दिवसातून तीनदा पुरे. आठवडा झाला आणि दुखणं तसंच राहिलं, किंवा सूज-ताप आला, तर दवाखान्यात जा. मलमाच्या भरवशावर बसू नका."

"आन् नातवाला सर्दी हाय. नाकात बोट फिरवू?"

"अजिबात नाही!" मास्तर इतक्या जोरात बोलले की म्हातारी मागे सरकली. "तान्ह्याचा श्वास अडकतो. डबी त्याच्या हाताला लागेल अशीसुद्धा ठेवू नका. आणि लावून झालं की हात धुवा. मी डोळ्याला लावून घेतलंय, मला विचारा."

दुकानात हशा झाला. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. पण ते खाली बघत नव्हते. म्हातारी चनबसप्पांकडे वळून म्हणाली, "ह्ये तुमी कधी सांगितलं न्हाय की ओ. मला दोन द्या, दोष सांगून इकणारा परवडतो."

चनबसप्पांनी ड्रॉवरमधून टाक काढला आणि कुरकुरत विचारले, "त्या पाच ओळी कुटं हायत? पुन्यांदा सांगा. आन् जरा बारीक अक्षरात बसतील अशा सांगा."

मित्रांनो, मला तुमच्याकडून दया नको. मी उपयोगाची आहे, हे मला ठाऊक आहे. मला फक्त खरे सांगून वापरा. डबीवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि काही लिहिले नसेल तर विचारा. विकणाऱ्याला राग आला तरी विचारा. त्याला राग येण्यापेक्षा कुणाचा खांदा सोलून निघणे वाईट.

दुकानासमोर लाल पेटी होती. मास्तर तिच्यापाशी गेले. पेटीवर टपाल निघण्याची वेळ साडेचार लिहिली होती आणि चनबसप्पांच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. त्यांनी कार्ड फटीत घातले, पण बोटांनी धरूनच ठेवले. मी कोटाच्या खिशात होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मागून म्हातारी विणकरीण म्हणाली, "टाका की मास्तर, तिथं पोरगी वाट बघती."

मास्तरांनी बोटे सोडली. कार्ड आत पडले.